उंच बॉनेटखालचं इंजिन

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातल्या या शेडमध्ये दोन इंजिनं समोरासमोर आहेत. एक लोखंडी स्टँडवर, हेड उतरवलेलं, चारही सिलिंडर उघडे. दुसरं ट्रकच्या जुन्या टायरवर टेकवलेलं, अंगावर अजून वायरिंगचे तुकडे आणि सुकलेला चिखल. मधोमध लाकडी ठोकळ्यांवर जीप. चाकं काढून भिंतीला लावलीत, बॉनेट कोपऱ्यात उभं केलंय, आणि इंजिनाच्या जागी नुसती पोकळी आहे. तिच्यातून खालची तेलकट फरशी दिसते.

जीप माझ्या मामांची. महिंद्राची सीजे-थ्री-बी, आरसी बुकात साल 1968. स्टँडवरचं इंजिन तिचं स्वतःचं, पेट्रोलवर चालणारं हरिकेन. टायरवरचं मामेभावानं आणलंय. मोडीत निघालेल्या एका बोलेरोचं, 2,523 सीसीचं डीआय डिझेल. यातलं कुठलं त्या पोकळीत जाणार याचा निकाल आज लागायचा आहे. बापलेक एकाच गाडीतून आलेत, पण शेडमध्ये शिरल्यापासून दोघं आपापल्या इंजिनाजवळ उभे आहेत.

मेस्त्री दोघांशीही फारसं बोलत नाहीत. "मापं घेतल्याबिगर बोलायचं न्हाई," एवढं सांगून ते बोअर गेज कापडानं पुसत बसलेत. हाताखालचा पोरगा सिलिंडरच्या भिंतींवरून रॉकेलात भिजवलेलं फडकं फिरवतो. काळं निघून जातं आणि आतलं ओतीव लोखंड राखाडी चमकायला लागतं. वरच्या काठाखाली, रिंगा जिथवर येऊन परत फिरतात तिथं, बोटाला पायरी लागते. मेस्त्री माझं बोट धरून तिथं टेकवतात. "लागली का ताई? ती झीज." भडका तिथंच सगळ्यात जास्त आणि तेल तिथंच सगळ्यात कमी पोचतं, म्हणून सिलिंडर वरच्या अंगाला जास्त खातो.

हरिकेनचा मूळ बोअर तीन इंच एक सूत. स्ट्रोक चार इंच तीन सूत. गेज आधी त्या मापाला शून्यावर लावलं जातं आणि मग ते सिलिंडरमध्ये उतरतं. वर, मध्ये, खाली. मग नव्वद अंशांत फिरवून पुन्हा वर, मध्ये, खाली. मेस्त्री आकडा म्हणतात आणि पोरगा खडूनं पत्र्याच्या भिंतीवर लिहितो. इंचाचा हजारावा भाग म्हणजे इथल्या बोलीत एक थाउ.

"पयला. वर अठ्ठावीस, खाली बावीस."

म्हणजे हे इंजिन पूर्वी एकदा बोअर झालेलं आहे, वीस थाउ मोठं करून. त्यावर पुन्हा आठ थाउची झीज. मामा मान डोलावतात. ते काम आजोबांच्या वेळी झालं होतं, हे त्यांना ठाऊक आहे. दुसरा सिलिंडर पहिल्यासारखाच. तिसऱ्याला मेस्त्री थांबतात, गेज काढून पुसतात, पुन्हा उतरवतात.

"तेहतीस."

पोरगा लिहितो. तीस ओव्हरचे पिस्टन आता चालणार नाहीत, तेहतीस झिजलेला सिलिंडर तीसमध्ये साफ होत नाही. चाळीस ओव्हर घ्यावे लागतील, आणि या इंजिनाला कंपनीनं दिलेलं शेवटचं माप चाळीसचं. त्याच्यापुढे बोअर नाही, स्लीव्ह घालायची. मामेभाऊ हे ऐकून टायरवरच्या इंजिनाच्या हेडवर हात ठेवतो. काही बोलत नाही. पण ते मी बघते, आणि मामाही बघतात.

खरं तर त्याची बाजू लंगडी नाही. जीप त्यांना मिरवायला नको आहे. पन्हाळ्याच्या मागच्या अंगाला त्यांचा मळा आहे, तिथं पावसाळ्यात ट्रॅक्टरखेरीज दुसरं काही जात नाही. जुनं इंजिन पेट्रोल पितं, चढाला धापा टाकतं, आणि गेल्या पावसात ते दोनदा मधेच बंद पडलं. डिझेलला खालच्या फेऱ्यांवर जोर जास्त, चिखलात तोच लागतो. शिवाय जुन्या जीपमध्ये डिझेल बसवणं हे काही आजचं खूळ नाही. 1973च्या तेलसंकटानंतर पेट्रोल महागलं तेव्हापासून महाराष्ट्रातल्या कितीतरी मळ्यांमधल्या जीपांची इंजिनं अशी बदलली गेली. पुढं महिंद्रानं स्वतःच डिझेलच्या जीपा काढल्या, ट्रॅक्टरच्या घराण्यातलं इंजिन घालून आणि नंतर प्यूजोचं. आपल्याकडच्या जीपच्या इतिहासात ही अदलाबदलच मोठं पान आहे, आणि ती करणाऱ्याला नावं ठेवणारे लोक मला पटत नाहीत.

पण ही जीप थ्री-बी आहे, आणि कोपऱ्यात उभं केलेलं ते बॉनेट माझ्या नजरेसमोरून हलत नाही. दुसऱ्या महायुद्धातल्या विलिस जीपला होतं ते इंजिन बुटकं होतं. त्याचे इनटेक आणि एक्झॉस्ट असे दोन्ही व्हॉल्व्ह खाली ब्लॉकमध्ये बसायचे, ताकद 60 अश्वशक्ती. हरिकेनमध्ये बोअर तोच, स्ट्रोक तोच, फक्त इनटेक व्हॉल्व्ह उचलून वर हेडमध्ये नेले आणि एक्झॉस्ट खालीच ठेवले. हवा-पेट्रोल मोकळं आत यायला लागलं, ताकद 72 वर गेली. पण इंजिन उंच झालं आणि जुन्या बॉनेटखाली मावेना. म्हणून 1953 साली थ्री-बी आली ती हे उंच, चौकोनी नाक घेऊन. लांबून कुणीही ती याच नाकावरून ओळखतो. उद्या आत डिझेल बसलं तरी बॉनेट तेच राहील. ते तसं का आहे, याचं उत्तर मात्र गाडीत राहणार नाही. मला ही गोष्ट लागते. मामांना मी ती बोलून दाखवते तेव्हा ते वेगळंच सांगतात.

"ते नाकाचं तू बघ. मला ह्याचा आवाज कळतोय. पॉइंट काळं पडलं, का कार्बोरेटरात कचरा आला, का पाणी शिरलं, चालवताचालवता समजतंय. खाली उतरायचं, पाना काढायचा, जायचं पुढं."

हे मला माझ्या कारणापेक्षा भक्कम वाटतं. पॉइंट, कंडेन्सर, सोलेक्सचा कार्बोरेटर, चार प्लग, या गाडीत बांधावर बसून दुरुस्त होणार नाही असं फार थोडं आहे.

मेस्त्री आता तिसऱ्या सिलिंडरच्या शेजारी वाकलेत. एक्झॉस्ट व्हॉल्व्हची सीट आणि सिलिंडरचा काठ यांच्यामध्ये लोखंडाची अरुंद पट्टी आहे. त्या पट्टीवर ते रॉकेल चोळतात, थोडा वेळ थांबतात आणि कोरड्या फडक्यानं पुसून काढतात. मग खडू घासून त्याची पूड वरून भुरभुरवतात. शेडमध्ये कुणीच बोलत नाही. पांढऱ्या पुडीत हळूहळू एक ओली रेघ वर येते. सीटच्या कडेपासून निघते, जराशी वाकडी होते आणि सिलिंडरच्या काठापाशी संपते. भेगेत शिरलेलं रॉकेल पूड शोषून घेतेय.

"क्रॅक हाय," मेस्त्री म्हणतात.

जुन्या हरिकेनला हा रोग नवा नाही. एक्झॉस्ट खाली ब्लॉकमध्येच, म्हणजे जळालेल्या वायूची सगळी धग त्या अरुंद पट्टीला. पाणी कमी पडलं, इंजिन तापलं, आणि त्याच तापल्या अंगावर कुणी रेडिएटरमध्ये गार पाणी ओतलं, की भेग तिथंच पडते. आता प्रश्न ती किती खोल आहे याचा. वरवरची असली तर सीट काढून थोडी मोठी सीट बसवता येते, भेगेची सुरुवात कटिंगमध्येच निघून जाते. पण ती आत पाण्याच्या पोकळीपर्यंत गेली असेल तर सगळ्या मापांना काही अर्थ उरत नाही. ब्लॉक तपासायला पाण्याच्या टाकीवर न्यायचा ठरतो. टाकी दोन शेड पलीकडं आहे, आणि तिचा नंबर दुपारनंतर लागणार.

मधल्या वेळात समोरच्या शेडचे मालक येतात. त्यांची स्वतःची एमएम 540 जीप दारातच उभी आहे, आणि ती अशीच बदललेली आहे. नवं इंजिन, पाच गियर, पॉवर स्टिअरिंग, पुढं डिस्क ब्रेक. मामेभाऊ त्यांना साक्षीला बोलावल्यासारखा बघतो. ते मनापासून बोलतात. करूळच्या घाटातून ते ही गाडी पावसात खाली-वर नेतात, स्टिअरिंग एका हातानं फिरतं, ब्रेक दाबला की गाडी जागच्या जागी थांबते. "मला पस्तावा न्हाई," ते म्हणतात. मग मामेभाऊ खर्चाचं विचारतो आणि ते बोटांवर मोजायला लागतात.

इंजिन बसवायला चासीवर नवे माउंटिंग. नव्या इंजिनाला जुना तीन गियरचा बॉक्स जोडायचा तर मध्ये प्लेट पाडून घ्यायची, नाहीतर बॉक्सही नवा. नवा बॉक्स लांब, म्हणून मागचा प्रोपेलर शाफ्ट कापून आखूड करायचा आणि बॅलन्स करून घ्यायचा. जुन्या जीपचा मागचा डिफरन्शियल मधोमध नसतो, एका बाजूला सरकलेला असतो, कारण तिचा ट्रान्सफर केस शाफ्ट त्या बाजूनं सोडतो. नवा केस घेतला की ती रांग चुकते. शिवाय जुना क्राउन-पिनियन 5.38चा, म्हणजे चाक एकदा फिरायला शाफ्टनं 5.38 वेळा फिरायचं. पेट्रोल इंजिनाला ते मानवतं. डिझेल तेवढे फेरे घेत नाही, गाडी सपाट रस्त्यावर नुसतीच ओरडते. म्हणून क्राउन-पिनियन बदला. तो बदलला की वेग वाढतो, आणि वाढलेल्या वेगाला जुने ड्रम पुरत नाहीत. म्हणून डिस्क. पुढचं वजन वाढलं म्हणून कमानपाटे. "इंजिन घातलं एक," ते म्हणतात, "पर त्येच्यामागनं समदी गाडीच बदलत गेली. दोन पावसाळं गेलं माझं."

मामेभाऊ ऐकतोय. त्याला वाटलं होतं, एक जड वस्तू काढायची आणि दुसरी ठेवायची. ज्यांनी सगळी साखळी पुरी केली त्यांची गाडी उत्तम होते, समोर उभी आहेच. वाईट होतात त्या अर्ध्यात सोडलेल्या. नवं इंजिन, जुने ब्रेक, वेल्डिंगनं चिकटवलेले माउंटिंग. अशा जीपा कोल्हापूरच्या आजूबाजूला कमी नाहीत, आणि घाटात माझ्या मागं त्यांतली एखादी असली की मी तिला पुढं जाऊ देते.

कागदाचाही प्रश्न आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणं नोंदणीतल्या माहितीशी न जुळणारा बदल परस्पर करता येत नाही. इंजिन बदलायचं तर आरटीओची परवानगी आणि आरसीत नोंद हवी. मामेभावानं आणखीही वाचून ठेवलंय. केंद्र सरकारनं 2021 साली विंटेज गाड्यांसाठी वेगळे नियम केले. गाडी 50 वर्षांहून जुनी असावी, मूळ रूपात असावी, चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार नसावा. नवी नोंदणी 20,000 रुपयांना, दहा वर्षांसाठी, नंबर प्लेटवर 'व्हीए' अक्षरं. मामा लक्ष देऊन ऐकतात. पण अशी गाडी रोजच्या वापराला नाही, प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, इंधन एवढ्यापुरतीच रस्त्यावर आणायची, हे कळताच हात झटकतात. "प्रदर्शनाला न्यायची न्हाई मला. मळ्यात न्यायची हाय."

लेथवर काम सुरू आहे. ते या जीपचंच असल्याचं मला आत्ता कळतं. स्टिअरिंगच्या दांड्यांच्या मध्ये, पुढच्या आडव्या बीमवर बेल क्रँक म्हणून एक तुकडा असतो. स्टिअरिंग बॉक्सची ओढ तो दोन्ही चाकांकडं वळवतो. मूळ रचनेत त्याच्या पोटात सुयांचं बेअरिंग. पाणी आणि माती शिरली की सुया झिजतात आणि स्टिअरिंग ढिलं पडतं. मग चालक सरळ रस्त्यावरही चाक डावं-उजवं हलवत बसतो. नवं बेअरिंग मिळतं, पण टर्नर गनमेटलचा बुश करतोय. पिवळसर किस कुरळा होऊन त्याच्या बुटांवर पडतो. तो लेथ थांबवतो, पिन हातानं बुशमध्ये सरकवून बघतो. अडते. पुन्हा चालू, अगदी नखाएवढा कट, पुन्हा बंद. या खेपेला पिन तेलाच्या थेंबासह आत जाते आणि हातानं फिरते, हलत मात्र नाही. बुशच्या अंगावर तो आता ग्रीससाठी खाच पाडतो. दुरुस्ती म्हणजे जुनं जसंच्या तसं ठेवणं, असं मानणाऱ्यांनी हा बुश बघावा. मूळ आराखड्यात तो नाही. तरी गाडी यानं दुसरी होत नाही. बुशला शेजारच्या कुठल्याच भागात बदल लागत नाही, आहे त्या जागेत तो बसतो आणि झिजला की याच गल्लीत दुसरा करून मिळतो.

दुपारी ब्लॉक हातगाडीवरून टाकीवर जातो. मेस्त्री पाण्याच्या सगळ्या वाटांवर रबराचं पॅकिंग ठेवून लोखंडी प्लेटा आवळतात. एका प्लेटेत हवेची नळी. चेन पुलीवरून ब्लॉक टाकीत उतरतो, पाणी गढूळ होतं, मग निवळतं. कॉम्प्रेसर सुरू.

मेस्त्री तिसऱ्या सिलिंडरवर टॉर्च धरून आहेत. मामा टाकीच्या कडेला हात टेकून उभे. पाण्यात एक बुडबुडा येतो. मग दुसरा. मामेभाऊ पुढं होतो. "आलं," तो म्हणतो, आणि त्याच्या आवाजात जिंकल्याचा सूर नाही, हे मला बरं वाटतं.

"थांब," मेस्त्री म्हणतात. ते टॉर्च बाजूला नेतात. बुडबुडे तिसऱ्या सिलिंडरजवळून येतच नाहीत, ते ब्लॉकच्या कुशीतून येतायत. तिथं पाण्याच्या पोकळीला बाहेरून बसवलेलं गोल पत्र्याचं झाकण असतं, आणि ते गंजलंय. पोरगा हात बुडवून अंगठ्यानं ते दाबून धरतो. बुडबुडे थांबतात. हवेचा दाब तसाच ठेवून मेस्त्री खूप वेळ बघत राहतात. सीटपाशी पाणी स्वच्छ आहे.

"पोकळीपातुर गेली न्हाई. वाचतंय."

पुढचं मेस्त्री परतीच्या वाटेवरच सांगतात. तिसऱ्याची सीट कापून काढायची, नवी सीट बर्फात गारठवून ठोकायची, म्हणजे आत गेल्यावर ती फुगून घट्ट धरते. चारही सिलिंडर चाळीस ओव्हर. क्रँक ग्राइंडिंगला. गोल झाकणं सगळीच नवी. पेट्रोलचे पाइप आणि पंपाचा पडदा मात्र जुन्या मालाचा घ्यायचा नाही, कारण आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल आहे आणि जुनं रबर त्यात फुगतं, तडकतं. त्यातलं काही इथेनॉल आपल्याच उसाचं, तेव्हा मामांना तक्रार करायला जागा नाही. "आणि ताई," मेस्त्री माझ्याकडं वळून म्हणतात, "हे शेवटचं बोअर. ह्याच्यापुढं स्लीव्ह. लिहिणार असाल तर तेबी लिवा."

मामेभाऊ शेडमध्ये परत येऊन सरळ जीपखाली वाकतो. त्याला दाखवायचंय ते चालकाच्या पायाखाली, चासीला बोल्ट केलेलं आहे. ब्रेकचं मास्टर सिलिंडर. एकच वाट. चार चाकांपैकी कुठंही नळी फुटली की चारही ब्रेक एकदम जातात.

"इंजिन तुमचं राहू दे, आबा," तो म्हणतो. "ब्रेक माझे. दोन वाटांचं मास्टर सिलिंडर बसवायचं, पुढचं वेगळं, मागचं वेगळं. आणि सीटबेल्ट. माझी पोरं बसतात हिच्यात."

"मूळ ठेवायचं म्हणजे मूळ," मामा म्हणतात.

"मूळ ब्रेकवर करूळ उतराल?"

मामा मेस्त्रींकडं बघतात. मेस्त्री म्हणतात की चासी कापावी लागणार नाही, जुन्या भोकांवर ब्रॅकेट बसेल, पेडल तेच राहील. मी भाची आहे, या घरच्या वादात मला मत नाही, पण मी मामेभावाच्या बाजूनं बोलते. इंजिन बंद पडलं तर माणूस चालत घरी येतो. ब्रेकचं तसं नाही. या एका जागी मूळपणाचा हट्ट मला मान्य नाही, मग गाडी 1968ची असो की कधीची.

मामा बराच वेळ काही म्हणत नाहीत. मग मेस्त्रींना विचारतात, "पेडल तेच ऱ्हाईल म्हणालास?"

"तेच."

"मग घाल."

समोरच्या शेडचे मालक टायरवरच्या डिझेलभोवती फिरून त्याचा नंबर वाचतायत. त्यांच्या ओळखीचा एक जण एमएम 540 साठी असंच इंजिन शोधतोय. मामेभाऊ भाव सांगतो, ते कमी करतात, तो थोडा उतरतो. मेस्त्री त्यात पडत नाहीत. पत्र्यावरचे खडूचे आकडे ते वहीत उतरवून घेतात, तिसऱ्यापुढं 'सीट' असं लिहितात, आणि पोराला चाळीस ओव्हरच्या पिस्टनचा सेट कुणाकडं शिल्लक आहे ते विचारायला फोन लावायला सांगतात.